संख्याशास्त्राच्या तासाला गुण नकोत

पास-नापासचा विषय म्हणजे अभ्यास न करण्याचा परवाना, असं विद्यापीठाच्या आवारात सर्रास बोललं जातं. श्रेणी नाही, टक्केवारीत धरत नाहीत, गुणपत्रिकेवर फक्त ‘उत्तीर्ण’ एवढाच शेरा. मग त्यासाठी रात्र कोण जागवणार? अनेक प्राध्यापक याच सुरात बोलतात, आणि असा विषय अभ्यासक्रमात ठेवतातच कशाला, हे पालकांना कळत नाही. त्यातून विषय संख्याशास्त्राचा असेल आणि तो सोपा करून शिकवलेला असेल तर टीकेला आणखी धार चढते. सूत्रांच्या सिद्धता वगळलेलं संख्याशास्त्र, तेही गुणांशिवाय, ही पदवीची फसवणूक आहे, असं म्हणतात.

मला हे मत मान्य नाही. मी समाजशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी आहे, गोंदियाजवळच्या नागऱ्याची आहे, आणि पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये असाच एक सेमिनार मी पूर्ण केला आहे. गणिताबाहेरच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र शिकवण्याची याहून चांगली रीत मला आजवर कुठे दिसलेली नाही, असं माझं म्हणणं आहे. त्याला एक अट आहे. ती पुढे येईलच.

आधी हा सेमिनार आला कुठून ते सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला किमान एक सत्राचं कोर्सवर्क सक्तीचं केलं. त्यात संशोधनपद्धती होती, आणि तिच्या जोडीला संख्यात्मक पद्धती व संगणकाचा वापर यांचाही उल्लेख होता. २०२२च्या नियमांत किमान १२ क्रेडिट आणि ५५ टक्के ही अट आहे. एकूण कोर्सवर्कला टक्केवारी लागते, पण आमच्या विभागाने संख्याशास्त्राचा भाग फक्त पास-नापास ठेवला होता. वर्गात समाजशास्त्राचे, इतिहासाचे, मराठीचे विद्यार्थी. बहुतेकांनी गणित दहावीला सोडलेलं, आणि सोडताना सुटकेचा श्वास टाकलेला.

लेखी परीक्षा नव्हती. दर आठवड्याला एक छापील आकडा समोर यायचा, कधी वर्तमानपत्रातला, कधी सरकारी अहवालातला. हा कोणी मोजला, कोणाकोणाला मोजून काढला, आणि तो किती चुकू शकतो, एवढंच आम्ही शोधायचं. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, नमुना, नमुन्यातली चूक, सहसंबंध या सगळ्या कल्पना त्या शोधाच्या ओघात आल्या. आकडेमोड मोबाइलवर केली तरी चालायची. शेवटी आपल्या गावाशी संबंधित एका आकड्यावर दोन-तीन पानांचं टिपण लिहायचं. ते स्वीकारलं गेलं की पास. नाही स्वीकारलं तर समासात प्रश्न लिहून परत यायचं, आणि पुन्हा लिहायची मुभा असायची. सत्र संपेपर्यंत टिपण स्वीकारलं गेलं नाही तर नापास, आणि पुढच्या सत्रात सेमिनार पुन्हा. मी आमच्या भागातल्या पीक कापणी प्रयोगाचा विषय घेतला.

याला ‘फुकटचं क्रेडिट’ म्हणणाऱ्यांचा पहिला आक्षेप असा की गुणांची भीती गेली की मेहनत जाते. पुरावा म्हणून ते पर्यावरण अभ्यासाकडे बोट दाखवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे हा विषय पदवीच्या सगळ्या शाखांत सक्तीचा झाला. हेतू चांगला होता, पण कित्येक ठिकाणी प्रकल्पाची वही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते, तिच्यावर सही होते, आणि ज्या नदीवर प्रकल्प लिहिला ती विद्यार्थ्याने पाहिलेलीही नसते. दुसरा पुरावा शाळेचा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं. दहा वर्षांत देशाला त्याचा फेरविचार करावा लागला. २०१९च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीच्या परीक्षा घेऊन मुलांना मागे ठेवण्याची मुभा दिली, आणि महाराष्ट्राने २०२३ साली ती वापरली.

दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. वही उतरवली जाते ती ती कोणी वाचत नाही म्हणून. आठवीपर्यंतच्या मुलाचं वाचन कच्चं राहिलं ते त्याला कोणी थांबवून पुन्हा शिकवलं नाही म्हणून. दोन्हीकडे नापासाची जागा रिकामी होती, आणि ‘नापास’ नसलेल्या ठिकाणी ‘पास’ला काही अर्थच उरत नाही. गुण असलेल्या विषयांत तरी काय होतं? प्रात्यक्षिकाची जर्नल उतरवली जाते, अपेक्षित प्रश्नसंच पाठ होतात, परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सगळं पुसलं जातं. तिथे गुण असतात, शंभरपैकी असतात, आणि तरीही विद्यार्थी काही न शिकता पुढे जातो. म्हणजे मेहनत गुणांमुळे येत नाही. आपलं काम कोणीतरी खरोखर वाचणार आहे आणि अपुरं असेल तर परत देणार आहे, याने ती येते. माझी अट हीच. पास-नापासच्या विषयात नापास खरा असला पाहिजे, आणि नापासाच्या आधी दुरुस्तीची संधी खरी असली पाहिजे. ही अट जिथे पाळली जात नाही तिथल्या पास-नापासची बाजू मी घेणार नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा. क्रमवारी गेली की विद्या घसरते, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा आहे, आणि तिच्या मुळाशी एक अभिमानाची गोष्टही आहे. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले. त्या वर्षी पहिला क्रमांक विभागून होता, तरी ‘सीनियर रँग्लर’ होणारे ते पहिले भारतीय. महाराष्ट्राने त्यांना आयुष्यभर रँग्लर परांजपे म्हटलं. त्या यशाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्याच परीक्षेची पुढची हकीकत आपण सहसा सांगत नाही. १९०९नंतर केंब्रिजने ट्रायपॉसची क्रमवारी जाहीर करणंच बंद केलं. तिच्याविरुद्ध सर्वांत जोरात बोलणाऱ्यांत जी. एच. हार्डी होते, आणि ते स्वतः १८९८ साली चौथे आले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की क्रमांकासाठी घोकून घेतलेल्या युक्त्या गणित पुढे नेत नाहीत. क्रमवारी गेली म्हणून केंब्रिजचं गणित बुडालं नाही. आधुनिक संख्याशास्त्राची बरीचशी उभारणी ज्यांनी केली ते रोनाल्ड फिशर तिथूनच १९१२ साली पदवीधर झाले, म्हणजे क्रमवारी बंद झाल्यानंतर. वर्ग मिळाला, क्रमांक मिळाला नाही, आणि त्याने त्यांचं काही अडलं नाही. १९१९मध्ये ते रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेले आणि शेतातल्या प्रयोगांची आखणी कशी करावी हे त्यांनी जगाला शिकवलं.

आजचीही उदाहरणं आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नव्या विद्यार्थ्यांना श्रेणीच्या जाचातून सूट देण्याची पद्धत १९६८ साली सुरू झाली. पहिल्या सत्राला ती अजून आहे. अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा २०२२च्या जानेवारीपासून फक्त पास-नापास झाला. आपल्याकडे राज्यसेवा पूर्वपरीक्षेतला सीसॅटचा पेपर २०२२पासून ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता राहिला, आणि तशी मागणी विद्यार्थ्यांचीच होती. या कशालाही कोणी ‘फुकटचं’ म्हणत नाही. संख्याशास्त्राच्या सेमिनारपुरताच हा शब्द का आठवतो?

कारण खरा राग तिसऱ्या आक्षेपात आहे: सोपं केलेलं संख्याशास्त्र हे संख्याशास्त्रच नव्हे. सिद्धता नाहीत, सूत्रं कुठून आली ते माहीत नाही, मग उरतं काय? याचं उत्तर मला माझ्या टिपणाच्या विषयातूनच द्यायचं आहे, कारण ते उत्तर आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सापडतं.

नागऱ्याचं नाव बाहेर पोचलं ते इथल्या प्राचीन शिवमंदिरामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे. पण गाव जगतं धानावर, अख्ख्या गोंदिया जिल्ह्यासारखंच. धान पिवळं पडलं की कृषी सहायक आणि तलाठी एखाद्या बांधीत उतरतात, टेप धरून ठरलेल्या मापाचा चौकोन आखतात, तेवढ्यातलंच पीक कापतात, चुरतात, वजन करतात. पीक कापणी प्रयोग लहानपणापासून सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यावरून पीकविम्याचा निकाल लागतो हेही सगळ्यांना ठाऊक असतं. आणि दरवर्षी धुऱ्यावर एकच तक्रार ऐकू येते, की साहेबांनी नेमकी चांगली बांधी धरली.

प्रत्यक्षात कोणती बांधी धरायची हे साहेबांनी ठरवायचंच नसतं. गाव, गट नंबर आणि शेतातली नेमकी जागा ही सगळी यादृच्छिक संख्यांवरून निघते. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून सुरुवात करायची, यादृच्छिक संख्येने सांगितलेली पावलं लांबीकडे आणि रुंदीकडे चालायची, आणि जिथे पोचाल तिथे चौकोनाचा कोपरा ठोकायचा. तिथे धान आडवं पडलेलं असलं तरी तेच कापायचं, आणि कणसं भरगच्च असली तरी तीच. माणसाचा हात आपोआप चांगल्या पिकाकडे जातो. त्याला बांधून ठेवायला हे नियम आहेत. एवढं कळलं की तक्रारीचा प्रश्न होतो: इथे कोणती संख्या निघाली होती, आणि पावलं तेवढीच टाकली का? पहिल्या वाक्यावर अधिकारी हसून पुढे जातो. दुसऱ्यावर त्याला कागद काढावा लागतो.

हे नियम सहज आलेले नाहीत. १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था काढणारे प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये पिकांचा अंदाज घेण्यासाठी लहान लहान तुकडे कापत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण अगदी साधं आहे. चौकोनाच्या काठावरची रोपं आत धरायची की बाहेर, असा संशय आला की कापणारा ती आत ओढतो. तुकडा लहान असेल तर त्याच्या क्षेत्राच्या मानाने काठच जास्त, म्हणून चूकही जास्त. आता सांगा, हे समजायला कोणती सिद्धता लागते? धान कापलेला कोणताही माणूस हे एका वाक्यात समजतो. आणि तरीही हे संख्याशास्त्रातलं खरं, कसदार ज्ञान आहे. एका मोठ्या संख्याशास्त्रज्ञाने दुसऱ्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञाशी यावर वाद घातला आहे.

पुढची पायरी सरासरीची. २०१६च्या खरिपापासून पंतप्रधान पीकविमा योजना आली. तिच्यात उंबरठा उत्पन्न, म्हणजे सरासरी ज्याच्या खाली गेली तरच भरपाई मिळते तो आकडा, ठरवायची रीत अशी: मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्या, त्यांची सरासरी काढा, आणि तिला जोखीमस्तराने गुणा. महसूल मंडळ हे एकक धरलं तर एका पिकाचे किमान दहा कापणी प्रयोग व्हायला हवेत. समजा, पाच वर्षांची सरासरी हेक्टरी ४० क्विंटल आली आणि जोखीमस्तर ७० टक्के आहे. उंबरठा झाला २८ क्विंटल. आता समजा, यंदा दहा प्रयोगांपैकी सहा ठिकाणी ३८ क्विंटल निघालं आणि तुडतुडा लागलेल्या चार ठिकाणी १८. सरासरी येते ३०. उंबरठ्याच्या वर. मंडळातल्या कोणालाच भरपाई नाही.

हे गणित मी घरी मांडून दाखवलं तेव्हा मोठे बाबांनी विचारलं, “मंग आमचं नुकसान खोटं हाय का?” खोटं नाही. ते सरासरीत दिसत नाही, आणि ते का दिसत नाही हे शिकवणं हेच संख्याशास्त्राच्या पहिल्या सेमिनारचं काम आहे. मध्यक काढला तर तो ३८ येतो, म्हणजे मध्यक तर सगळं आलबेल सांगतो. चार शेतांची कहाणी कळते ती प्रमाण विचलनातून. ते इथे सुमारे १० क्विंटल आहे, सरासरीच्या एक तृतीयांश. जिथे पसारा एवढा मोठा तिथे एकट्या सरासरीवर विसंबणं धोक्याचं. आणखी एक पाऊल पुढे. दहाच प्रयोगांवरून काढलेल्या या सरासरीत नमुन्याची चूक किती? विचलनाला दहाच्या वर्गमुळाने भागलं की सुमारे सव्वातीन. ढोबळमानाने खरी सरासरी २४ ते ३६ यांच्या मध्ये कुठेही असू शकते, आणि २८चा उंबरठा त्या पट्ट्याच्या आतच आहे. म्हणजे मंडळाचं खरं उत्पन्न उंबरठ्याच्या वर होतं की खाली, हे या दहा प्रयोगांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. तरी निकाल ‘वर’ असाच लागतो.

आकडे मी समजण्यापुरते धरले आहेत, पण रीत खरी आहे. भागाकार, वर्गमूळ आणि विचार, एवढ्यावर हे सगळं उभं राहतं. हे ज्याला कळलं तो पैसेवारीकडेही, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजाकडेही, वेगळ्या नजरेने बघतो. ५० पैशांच्या रेषेवरून टंचाई ठरत आली आहे, पण ती पैसेवारी कोणत्या शेतांवरून काढली, हा प्रश्न त्याला सुचतो. खरेदी केंद्रावर हेक्टरी किती क्विंटल धान घ्यायचं याची मर्यादा सरासरी उत्पादकतेवरून ठरते. त्याबद्दलही त्याला विचारावंसं वाटतं. विम्याच्या योजनेत बदल होत राहतील. विचारणारा माणूस मात्र तयार झालेला असतो, आणि हा माणूस तयार करणं सोपं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तो वर्ग घेऊन पाहावा.

याच दोन कल्पनांवर, सरासरी आणि पसारा यांवर, महाराष्ट्रातल्या दोन विद्वानांचा केवढा मोठा वाद झाला आहे! वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दिवसाला २२५० उष्मांक हा आधार धरून त्यांनी ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के माणसं दारिद्र्यात असल्याचं दाखवलं. सुखात्मे जागतिक अन्न व शेती संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यात आले होते. त्यांनी हरकत घेतली: निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, त्यामुळे सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण कुपोषित धरता येत नाही, रेघ सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली ओढायला हवी. दांडेकरांनी ते मान्य केलं नाही. कोट्यवधी माणसांना उपाशी म्हणायचं की नाही, हा प्रश्न त्या रेघेवर टांगलेला होता. माझा कल दांडेकरांकडे आहे. कमी खाऊन शरीर जुळवून घेतं म्हणून भूक मोजायचीच नाही, हे मला पटत नाही. पण सांगायचा मुद्दा हा की समाजशास्त्राची विद्यार्थिनी या वादात बाजू घेऊ शकते, आणि कारणासकट घेऊ शकते, ती ‘सोप्या’ सेमिनारच्या जोरावर. प्रमाण विचलनाच्या सूत्राची सिद्धता पाठ करून परीक्षेत उतरवणाऱ्या किती जणांना हा वाद ठाऊक असतो?

संख्याशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्याला सिद्धता आल्याच पाहिजेत; त्याबद्दल दुमत नाही. मी बोलते आहे ती बाकीच्यांबद्दल, आणि बाकीचेच जास्त आहेत. त्यांच्यासाठी गुणांची परीक्षा विषयाचं नुकसान करते, आणि ते कसं हे नीट पाहायला हवं. आपल्या विद्यापीठात गुण द्यायचे म्हणजे नमुना उत्तर हवं, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याची सोय हवी, पुनर्मूल्यांकन हवं. हे सगळे विद्यार्थ्याचे हक्क आहेत आणि ते असायलाच हवेत. पण त्यामुळे प्रश्नपत्रिका काढणारा असाच प्रश्न निवडतो ज्याचं उत्तर एकच येतं: ‘खालील माहितीवरून प्रमाण विचलन काढा.’ ते उत्तर मोबाइल क्षणात देतो. ‘हे दहा प्रयोग मंडळाबद्दल बोलायला पुरेसे आहेत का?’ या प्रश्नाला दहापैकी साडेसहा की सात, हे कोणी ठरवायचं? म्हणून तो प्रश्न गुणांच्या परीक्षेत कधी येतच नाही. जो भाग शिकायला सर्वांत महत्त्वाचा, तोच मोजायला अवघड म्हणून अभ्यासक्रमातून गळतो. पास-नापासमध्ये तो राहू शकतो, कारण तिथे वाचणाऱ्याने एवढंच ठरवायचं असतं की लिहिणाऱ्याला कळलं आहे की नाही. कळलं नसेल तर समासात प्रश्न लिहून टिपण परत.

आता सर्वांत जड आक्षेप. तो माझ्याच जिल्ह्यातल्या मित्रमैत्रिणींचा आहे, म्हणून मी तो शेवटी ठेवला. ते म्हणतात, गुण नकोत असं बोलणं शहरातल्या, ओळखीपाळखीच्या घरातल्या मुलांना परवडतं. गोंदिया, आमगाव, सालेकसा इथून आलेल्या मुलीकडे ना वशिला, ना इंग्रजी. तिच्या हातात दाखवायला असतात ते गुणच. तेही काढून घेतले तर मुलाखतीला बसलेला माणूस आडनाव आणि बोलीवरूनच निकाल देईल.

या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. निवडीसाठी परीक्षा हवी, तिचे गुण उघड हवेत, आणि त्या गुणांवर कोणाची मेहेरबानी चालू नये. नेट-सेट असो की राज्यसेवा, तिथे माझा आग्रह कडक परीक्षेचाच राहील. पण शिकवण्याचा वर्ग म्हणजे निवड नव्हे. आणि संख्याशास्त्राच्या वर्गात गुण ठेवले तर ते नक्की काय मोजतात, हेही पाहायला हवं. बारावीला विज्ञान शाखेत गणित घेतलेला मुलगा आणि दहावीनंतर गणिताला हात न लावलेली मुलगी एकाच बाकावर बसतात. सत्र चार-पाच महिन्यांचं. शेवटी गुण लागतात ते बहुतांशी त्या जुन्या गणिताचे. सेमिनारमध्ये काय शिकलं याचे त्यात थोडेच असतात. म्हणजे ज्या मुलीच्या नावाने हा आक्षेप घेतला जातो, तीच अशा गुणपत्रिकेवर तळाला जाते, आणि तिच्या हातातलं एकमेव शस्त्र तिच्यावरच उलटतं.

आमच्या वर्गात मी उलटं घडताना पाहिलं. गुण जाणार नाहीत हे कळल्यावर लोक विचारायला लागले. ‘नमुना म्हणजे काय’ इथपासून ‘सरासरी आणि मध्यक वेगळे का येतात’ इथपर्यंत, जे प्रश्न बी.ए.च्या पाच-सहा सत्रांत कोणी तोंडातून काढले नव्हते ते त्या खोलीत निघाले. धान, हंगामी मजुरी, मामा (माजी मालगुजारी) तलाव, तेंदूपत्ता हे ज्यांच्या घरचे विषय होते त्यांची टिपणं सर्वांत दमदार झाली, कारण आकडा कुठे चुकू शकतो हे त्यांना आधीच अंगवळणी पडलेलं होतं. त्याला फक्त भाषा हवी होती. विज्ञान शाखेतून आलेल्यांना मोजणीचं कौशल्य होतं, पण काठावरचं रोप आत ओढलं जातं हे त्यांना इतरांनी सांगावं लागलं.

तेव्हा मला हवं आहे ते असं. कला आणि वाणिज्य शाखेच्या प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला पहिल्या दोन सत्रांत कधीतरी संख्याशास्त्राचा असा एक पास-नापास सेमिनार मिळावा. त्यातले आकडे विद्यार्थ्याच्या तालुक्यातले असावेत. गोंदियातल्या वर्गात धानाची पैसेवारी आणि पीक कापणी प्रयोगाचे तक्ते यावेत, इचलकरंजीत यंत्रमागाचे, रत्नागिरीत मासळीच्या आवकीचे. टिपण स्वीकारण्याचे निकष सत्राच्या पहिल्याच दिवशी लिहून द्यावेत, म्हणजे नापास करताना कोणाच्या मर्जीचा प्रश्न येणार नाही. नापास झालेल्याला पुढच्या सत्रात शुल्क न आकारता बसू द्यावं.

यावर प्राचार्य म्हणतील, हे वाचणार कोण? हा प्रश्न रास्त आहे. कितीतरी महाविद्यालयांत पदं रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घड्याळी तासांच्या मानधनावर काम ओढतात. टिपण वाचून, समासात प्रश्न लिहून, परत घेऊन पुन्हा वाचणं हे व्याख्यानापेक्षा जास्त वेळाचं काम आहे, आणि आजच्या व्यवस्थेत त्या वेळेचा एक रुपयाही त्यांना मिळत नाही. असा सेमिनार सुरू करताना विद्यापीठाने वाचनाचे तास अध्यापनाच्या तासांबरोबरीने मानधनात धरले पाहिजेत, आणि एका शिक्षकाकडे वीस-पंचवीसपेक्षा जास्त टिपणं देऊ नयेत. ही तरतूद न करता गुण तेवढे काढून टाकले, तर पर्यावरणाच्या वहीचं जे झालं तेच संख्याशास्त्राचं होईल, आणि तसं झालं तर आज टीका करणाऱ्यांच्या बाजूने मीही उभी राहीन.